डच चित्रांतलं गाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डच निसर्गचित्रं पाहिल्यावर मराठी वाचकांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विषय मुख्यतः १७व्या शतकातल्या हॉलंडचा आहे. आधीचं आणि नंतरचं गरजेपुरतं येईल. नावं शक्यतो डच उच्चाराजवळ ठेवली आहेत, त्यामुळे इंग्रजी पुस्तकांतून ओळखीची झालेली काही नावं इथे थोडी वेगळी दिसतील.

ही चित्रं नेमकी कधीची आणि कुठली?

साधारण १६१० ते १६८० या काळातली, आणि प्रामुख्याने नेदरलँड्सच्या पश्चिमेकडच्या हॉलंड प्रांतातली. सुरुवात हार्लेम शहरात झाली. एसाइयास फान दे फेल्डे, पीटर दे मोलाइन, यान फान खोयेन आणि सालोमन फान राउसडाल ही पहिली फळी. पुढच्या पिढीत सालोमनचा पुतण्या याकोब फान राउसडाल आला, आणि याकोबचा शिष्य माइंडर्ट होबेमा. याशिवाय डोर्ड्रेख्तचा आल्बर्ट काउप, जनावरं रंगवणारा पाउलस पॉटर, खेडुतांची घरं आणि गुत्ते रंगवणारे ओस्ताडे बंधू, बर्फावरची गर्दी रंगवणारा हेंड्रिक आव्हरकाम्प. एकच नाव लक्षात ठेवायचं असेल तर याकोब फान राउसडाल ठेवा.

त्याआधी कुणी गाव रंगवत नव्हतं का?

रंगवत होते, पण बहुतेकदा दुसऱ्याच कशाच्या निमित्ताने. पुढे एखादा संत, मागे डोंगर आणि शेतं. मोठा अपवाद पीटर ब्रुगेलचा. बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांचं त्याचं १५६५ सालचं चित्र व्हिएन्नाला आहे. त्यातही ब्रुगेल उंचावरून खाली बघतो, आणि त्याच्या सपाट मुलखात कुठेही नसलेले आल्प्ससारखे कडे क्षितिजावर उभे करतो.

१५८५ साली अँटवर्प स्पेनच्या ताब्यात गेलं आणि तिथले हजारो प्रॉटेस्टंट कारागीर, व्यापारी, चित्रकार उत्तरेकडे पळाले. ब्रुगेलची परंपरा त्यांच्यासोबत हार्लेम-ॲम्स्टरडॅमला पोचली. हार्लेमकरांनी तिच्यात एक साधा पण मोठा बदल केला: चित्रकार टेकडीवरून उतरला आणि रस्त्यावर उभा राहिला. क्षितिज खाली आलं, डोंगर गेले, उरली वाळूची वाट, मोडकं कुंपण आणि एखादं झाड. १६१२च्या आसपास क्लास यान्सझून फिसरने हार्लेमभोवतालच्या जागांची छोट्या कोरीव चित्रांची मालिका काढली. वाळूच्या टेकड्या, खाणावळ, कापड सुकवण्याची मैदानं, स्पेनच्या वेढ्यात उद्ध्वस्त झालेला वाडा. यांतल्या एकाही जागेला तीर्थक्षेत्राचं किंवा राजवाड्याचं माहात्म्य नव्हतं. शहरातला माणूस तासाभरात चालत पोचेल अशा या जागा, आणि त्यांची चित्रं विकली जात होती. माझ्या मते या सगळ्या परंपरेचा खरा आरंभ तैलचित्रांच्याही आधी या स्वस्त छापील चित्रांत आहे.

पण हे हॉलंडमध्येच का घडलं?

कारणं बरीच आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. कॅल्व्हिनपंथी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये चित्रांना जागा नव्हती, त्यामुळे वेदीसाठी मोठमोठी चित्रं काढण्याची कामं संपली. राजदरबारही फारसा नव्हता. म्हणजे चित्रकाराचे दोन्ही जुने पोशिंदे गेले आणि बाजार उरला. १६०९ ते १६२१ या काळात स्पेनशी बारा वर्षांचा तह होता, शहराबाहेर निर्धास्त फिरता येत होतं. व्यापारातून पैसा आला होता आणि शहरं झपाट्याने वाढत होती. शहर वाढलं की गाव 'बघण्याची' वस्तू होतं. गावातच राहणाऱ्याला ते भिंतीवर टांगावंसं सहसा वाटत नाही.

शेतकरीसुद्धा चित्रं विकत घ्यायचे, हे खरं का?

जॉन एव्हलिन नावाचा इंग्रज प्रवासी १६४१ साली रॉटरडॅमच्या जत्रेत गेला होता. तिथे चित्रांची इतकी रेलचेल होती की तो चकित झाला, आणि शेतकऱ्यांची घरंही चित्रांनी भरलेली असतात असं त्याने नोंदवलं. अभ्यासक या नोंदीकडे जरा सावधपणे बघतात. घरातल्या सामानाच्या ज्या याद्या शिल्लक आहेत त्यांवरून गिऱ्हाईक मुख्यतः शहरी दिसतं: व्यापारी, वकील, दारू गाळणारे, बेकरीवाले, बऱ्यापैकी कमावणारे कारागीर.

चित्र स्वस्त कसं पडायचं, हे फान खोयेनकडे बघून कळतं. त्याच्या नावावर हजाराहून जास्त चित्रं आहेत. तो पातळ रंग वापरायचा, ओल्यावर ओला रंग चढवायचा, मोजकेच रंग घ्यायचा, आणि ओकच्या फळीचा रेषारेषांचा पोत तसाच दिसू द्यायचा. वेळ वाचला की किंमत उतरते. तरीही तो गरीबच मेला. १६३७ साली ट्यूलिपच्या कंदांचा बाजार कोसळण्याच्या अगदी तोंडावर त्याने त्यात पैसे घातले होते, जमिनीच्या व्यवहारांतही हात पोळले, आणि १६५६ साली हेगमध्ये तो कर्ज मागे ठेवून गेला. प्रसिद्ध चित्रकार यान स्टेन हा त्याचा जावई.

चित्रकार शेतात बसून रंगवायचे का?

नाही. रेखाटनं बाहेर, रंगकाम घरी. कारेल फान मांडर याने १६०४ साली तरुण चित्रकारांना पहाटे उठून शहराबाहेर जा, पाहा आणि रेखाटा असा सल्ला दिला होता. तो बऱ्याच जणांनी मनावर घेतलेला दिसतो. फान खोयेन वही आणि काळा खडू घेऊन भरपूर हिंडला. पण तैलरंग घेऊन हिंडणं तेव्हा सोपं नव्हतं. रंग चित्रशाळेतच खलायचे, आणि साठवायचेच तर डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत. रंगाची धातूची नळी आली ती १८४१ साली. म्हणजे ओलं आकाश, वाऱ्याने झुकलेली झाडं, हे सगळं चार भिंतींच्या आत, वहीतल्या रेखाटनांवरून आणि आठवणीवरून घडलेलं आहे.

मग ही दृश्यं खरी की बनवलेली?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर लोकांना आवडत नाही: बनवलेली. एकेक तुकडा खरा असतो, जुळणी चित्रकाराची असते.

बेंटहाइमचा किल्ला बघा. नेदरलँड्सच्या सीमेलगत, आजच्या जर्मनीत आहे. याकोब १६५०च्या सुमारास तिथे गेला आणि नंतर डझनाहून अधिक वेळा त्याने तो रंगवला. प्रत्यक्षात किल्ला बेताच्या उंचवट्यावर आहे. डब्लिनला असलेल्या १६५३ सालच्या चित्रात मात्र तो दाट झाडीच्या अंगावर येणाऱ्या डोंगरावर बसलाय. याकोबच्या फेसाळत्या धबधब्यांचं तर विचारूच नका. तो स्कँडिनेव्हियाला कधी गेला नव्हता. आल्लार्ट फान एव्हरडिंगेन १६४४ साली तिकडे जाऊन आला होता, त्याची चित्रं बघून याकोबने आपले धबधबे रचले, आणि ते एव्हरडिंगेनच्या धबधब्यांपेक्षा जास्त गाजले. फान खोयेन ओळखीचे चर्चचे मनोरे उचलून परक्या नदीकाठी नेऊन ठेवायचा.

पण काय घातलं यापेक्षा काय वगळलं हे मला जास्त बोलकं वाटतं. त्या काळातला हॉलंडचा ग्रामीण भाग म्हणजे युरोपातला एक मोठा अभियांत्रिकी प्रकल्प होता. बेमस्टर हे अख्खं सरोवर ४०हून जास्त पवनचक्क्या लावून उपसलं गेलं आणि १६१२ साली तिथे सुमारे ७,००० हेक्टर कोरडी जमीन मिळाली. पैसा ॲम्स्टरडॅमच्या व्यापाऱ्यांचा होता. जमिनीचे पट्टीने आखल्यासारखे चौकोन पाडले, सरळ रस्ते, सरळ कालवे. आज ती जागा जागतिक वारसा यादीत आहे. १६३२ साली ॲम्स्टरडॅम आणि हार्लेममध्ये सरळसोट कालवा खणला गेला आणि त्यावरून घोड्यांनी ओढायच्या प्रवासी होड्या वेळापत्रकाप्रमाणे धावू लागल्या. दलदलीतून जळणाचं पीट खणून काढण्याचा धंदा जोरात होता.

यातलं चित्रांत किती दिसतं? फारच थोडं. त्याऐवजी दिसते ती वाकडी वाट, वाळूची टेकडी, शेवाळलेलं छप्पर, आणि सालोमनच्या चित्रातली गुरं-माणसं घेऊन नदी ओलांडणारी जुनी तर. बेमस्टरमध्ये पैसे गुंतवणाऱ्या माणसालाही घरात टांगायला हवं होतं ते त्याने न बदललेलं गाव. चित्रकार फिलिप्स कोनिंकचं उदाहरण तर गमतीचं आहे. पुढे तो होड्यांच्या वाहतुकीच्या धंद्यात होता, म्हणजे नव्या हॉलंडची रोजची ये-जा त्याच्या हिशेबवहीत होती. रंगवली मात्र त्याने अथांग, बऱ्याच अंशी कल्पनेतली मैदानं.

याला मी फसवणूक म्हणणार नाही. नकाशा हवा असेल तर त्या काळात उत्तम नकाशे मिळत होते आणि तेही लोक भिंतीवर लावत होते.

एकही चित्र जागेशी प्रामाणिक नाही का?

होबेमाचं 'मिडलहार्निसची वाट' (१६८९, नॅशनल गॅलरी, लंडन) बऱ्यापैकी आहे. मधोमध सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना हडकुळी उंच झाडं, उजवीकडे बागेत छाटणी करणारा माणूस, लांबवर गाव. नव्याने आखलेला, माणसाने लावलेल्या झाडांचा हॉलंड इथे एकदाचा समोर येतो. तरी क्ष-किरण तपासणीत असं दिसलं की पुढच्या बाजूला आणखी दोन झाडं होती आणि होबेमाने ती रंगाखाली बुजवली. झाडं गेली आणि आकाश मोकळं झालं.

आकाश एवढं मोठं का?

जमीन सपाट आहे म्हणून, हे सोपं उत्तर. पण सपाट जमिनीवरही क्षितिज हवं तिथे ठेवता येतं, आणि आव्हरकाम्पने ते बरंच वर ठेवलं होतं. आकाशाला दोन तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त जागा देणं हा निर्णय होता. कारण त्या मुलखात बदलतं ते वरच. समुद्रावरून ढग येतात, ऊन-सावलीचे पट्टे जमिनीवरून सरकत जातात.

याकोबचं हार्लेमचं दृश्य (साधारण १६७०–७५, माउरित्सहाउस, हेग) जरूर बघा. चित्र लहान आहे, दोन्ही बाजूंनी दोन फुटांच्या आसपास. वाळूच्या टेकडीवरून आपण बघतोय. खाली मैदानावर कापडाचे लांबलचक पांढरे पट्टे पसरलेत. हार्लेमचं तागाचं कापड नावाजलेलं होतं. ते क्षाराच्या पाण्यात उकळायचं, ताकात भिजवायचं आणि आठवडेच्या आठवडे उन्हात पसरायचं, तेव्हा कुठे पांढरं व्हायचं. चित्रात ऊन पडलंय ते नेमकं त्या कापडावर आणि मागच्या एका शेतावर. क्षितिजावर सेंट बाव्हो चर्चचं धूड, आणि वर ढगच ढग. ही सगळी उन्हाची व्यवस्था याकोबने ठरवलेली आहे, पण असं ऊन पडतं हे नाकारता येत नाही. वरच्या प्रश्नातली 'बनवलेली' ही तक्रार इथे मला स्वतःला गैरलागू वाटते.

फान खोयेनची चित्रं तपकिरी का? साफ केली नाहीत का?

काही जुन्या वार्निशने पिवळी पडली आहेत, पण तपकिरी हा बेत मुळातलाच. १६३० आणि १६४०च्या दशकांत तो, दे मोलाइन आणि सालोमन एकाच करड्या-मातकट सुरात रंगवत होते. दमट हवा दाखवायला तो सूर योग्य होता, आणि स्वस्तही. काही बदल मात्र काळाने केलेत. स्मॉल्ट नावाचा निळा रंग म्हणजे कोबाल्ट घातलेल्या काचेची पूड. तेलात तो हळूहळू करडा होतो, त्यामुळे काही आकाशं मुळात आजच्यापेक्षा निळी होती. झाडांत निळसर पानं दिसली तर तिथला वनस्पतिजन्य पिवळा उडून गेलाय आणि हिरव्यातला निळाच उरलाय असं समजा.

गायीबैलांचं एवढं कौतुक कशासाठी?

लोणी आणि चीज हे हॉलंडचं मोठं उत्पन्न होतं, आणि धष्टपुष्ट गाय हे देशाच्या भरभराटीचं चिन्ह मानलं जायचं. पण पॉटरचा 'बैल' (१६४७, माउरित्सहाउस) याच्याही पुढे जातो. चित्र जवळजवळ साडेतीन मीटर रुंद आहे. एवढा आकार तोवर युद्धांना किंवा पुराणकथांना मिळायचा. इथे तो एका खोंडाला मिळालाय, आणि गाईच्या डोक्यावर माश्यासुद्धा आहेत. पॉटर तेव्हा बाविशीच्या आत होता. त्याने आधी फक्त बैल रंगवायचं ठरवलं होतं, मग कॅनव्हासला पट्ट्या जोडून गाय, मेंढ्या, गुराखी आणि झाड आणलं. जाणकार सांगतात की बैलाचे अवयव एका वयाचे नाहीत, वेगवेगळ्या जनावरांच्या अभ्यासांतून तो जोडलेला आहे. १७९५ साली फ्रेंच सैन्याने हे चित्र पॅरिसला नेलं, १८१५ साली ते परत आलं. पॉटर १६५४ साली २८व्या वर्षी क्षयाने गेला.

काउपच्या चित्रांतलं सोनेरी ऊन हॉलंडचं वाटत नाही.

नाहीच ते. चित्रकार यान बोत १६४०च्या सुमारास इटलीहून संध्याकाळचं सोनेरी ऊन घेऊन उट्रेख्तला परतला. काउपने ते त्याच्या चित्रांतून उचललं आणि डोर्ड्रेख्तच्या गायींवर पाडलं. स्वतः तो इटलीला गेला नाही. पुढे श्रीमंत विधवेशी लग्न झालं आणि रंगकाम जवळपास थांबलं. इंग्रज उमरावांनी त्याची चित्रं इतकी उचलली की त्याची उत्तमोत्तम कामं आजही बरीचशी इंग्लंडमध्ये आहेत.

शेतकरी नेहमी दारू पिताना, भांडतानाच का दिसतात?

कारण बघणारा शहरी आहे. आद्रियान फान ओस्ताडेच्या सुरुवातीच्या चित्रांत खेडूत म्हणजे अंधाऱ्या कोठारातली धुडगूस घालणारी बुटकी माणसं. ती बघून सुसंस्कृत गिऱ्हाईक हसायचं, आणि आपण तसे नाही याचं समाधानही मिळवायचं. १६५०नंतर त्याच्याच चित्रांत खिडकीतून उजेड येतो, बाळाला भरवणारी आई दिसते, नीटनेटकं अंगण दिसतं. शेतकरी तोच, बघण्याची नजर निवळलेली. त्याचा धाकटा भाऊ इसाक खाणावळीबाहेर थांबलेल्या गाड्या आणि थकलेले घोडे फार सुंदर रंगवायचा. तो तिशीच्या आतच गेला.

मोठ्या निसर्गचित्रांतली लहान लहान माणसं मात्र पुष्कळदा मूळ चित्रकाराची नसतातच. याकोब आणि होबेमा दोघेही ती आद्रियान फान दे फेल्डेकडून काढून घेत. माणसं काढण्यात त्याचा हातखंडा होता.

बर्फाची इतकी चित्रं कशी?

हिवाळे खरंच कडक होते. त्या शतकांना हवामानाचे अभ्यासक छोटं हिमयुग म्हणतात. कांपेनचा आव्हरकाम्प मुका होता, बहुधा बहिराही. १६०८च्या सुमाराचं त्याचं बर्फावरचं दृश्य ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यात श्रीमंत-गरीब एकाच बर्फावर घसरतायत, पक्षी पकडायला दाराची फळी टेकवून ठेवलीय, कुत्रा मेलेलं जनावर फाडतोय, आणि कोपऱ्यात कुणी उघड्यावर बसलंय. मोठं करून बघितल्याशिवाय यातलं निम्मंही दिसत नाही.

वठलेलं झाड, पडका वाडा यांत गूढ अर्थ असतो का?

कधीकधी. याकोबच्या 'ज्यू दफनभूमी'त वठलेलं झाड, भग्न इमारत, ओढा आणि इंद्रधनुष्य एकत्र आल्यावर नश्वरतेचा विचार डोक्यात आलाच पाहिजे. पण म्हणून प्रत्येक मोडक्या कुंपणात धर्मोपदेश शोधू नये.

वाइक बाय ड्यूरस्टेडेची पवनचक्की आजही आहे का?

याकोबने रंगवलेली, राइक्सम्युझियममधली प्रसिद्ध पवनचक्की आता उभी नाही. त्याच गावात जुन्या वेशीवर बसलेली दुसरी एक चक्की आहे आणि पर्यटक तिच्यापुढे उभे राहून हौसेने फोटो काढतात.

ही परंपरा संपली कशी?

१६७२ साली फ्रान्सने हल्ला केला आणि चित्रांचा बाजार बसला. त्याआधीच भिंती भरत आल्या होत्या; जुनी चित्रं पुन्हा पुन्हा विकायला येत होती आणि नव्यांना गिऱ्हाईक कमी. होबेमाने तर १६६८ सालीच ॲम्स्टरडॅममध्ये दारूची पिंपं मोजण्याची सरकारी नोकरी धरली होती. १८व्या शतकात ही चित्रं इंग्लंड-फ्रान्सच्या संग्रहांत गेली आणि तिथे नव्याने रुजली. इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलने याकोबच्या चित्राची नक्कल करून हात बसवला. फ्रान्समधल्या बार्बिझाँच्या चित्रकारांनी याकोबकडून जंगल घेतलं. १९व्या शतकात हेगमध्ये आंतोन मोव्ह, याकोब मारिस वगैरेंनी करडं आकाश पुन्हा घरी आणलं. या मोव्हकडेच व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८१-८२ मध्ये रंगकामाचे पहिले धडे घेतले. मोव्हच्या घरचं नातं होतं, पण पटलं फार दिवस नाही.

आपल्याकडच्या निसर्गचित्रणाशी याचा काही संबंध?

थेट नाही. १७व्या शतकात वेंगुर्ल्यात डचांची वखार होती, तिची इमारत पडक्या अवस्थेत आजही दिसते; पण तिथे मिरी आणि कापडाचा हिशेब चालायचा, चित्रकलेचा नाही. संबंध जोडायचाच तर इंग्लंडवरून. १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जी इंग्रजी शिक्षणपद्धती आली, तिच्या निसर्गचित्रणात डचांचा बराच अंश आधीच मुरलेला होता. युरोपीय तैलचित्रं प्रत्यक्ष बघायची असतील तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाने दिलेला संग्रह आहे.

ही चित्रं माझ्या लेखात किंवा वर्गात वापरली तर चालतील का?

चित्रकारांना जाऊन तीनशे वर्षं उलटली, मूळ चित्रांवर कुणाचा हक्क नाही. राइक्सम्युझियम आपल्या संकेतस्थळावर मोठ्या आकाराच्या प्रती फुकट उतरवून घेऊ देतं. इतर संग्रहालयांचे नियम वेगवेगळे असतात, ते तिथेच पाहून घ्यावेत. प्रत शक्य तितकी मोठी घ्या आणि फोनऐवजी मोठ्या पडद्यावर उघडा. क्षितिजाजवळचे तपशील कित्येकदा नखाएवढे असतात.